रेकॉर्ड म्हातारी कशानं होते?

प्रश्न असा आहे: ‘मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजन या बँडची १९७९ ची रेकॉर्ड लावली की काल केल्यासारखी वाटते. १९८५-८६ ची पॉप गाणी मात्र पहिल्या ठोक्यालाच जुनी वाटतात. आणि ज्या २००४-०५ च्या इंडी रॉक (छोट्या, स्वतंत्र कंपन्यांतून आलेला रॉक) बँडसाठी मी कॉलेजात वेडा होतो, ते एवढ्यातच शिळे वाटायला लागलेत, याचं वाईट वाटतं. दोष माझ्या कानांचा की रेकॉर्डचा? आणि साठी ओलांडलेल्या बँडनी थांबावं का?’

मी मिक्सिंग आणि मास्टरिंगचं, म्हणजे सुटे आवाज जुळवायचं आणि तयार रेकॉर्डवर शेवटचा हात फिरवायचं, काम करतो आणि हे संगीत कॉलेजपासून ऐकत आलोय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी उत्तर देतो. दोष कानांचा थोडा आणि रेकॉर्डचा जास्त. चाल आणि शब्द सहसा टिकतात. वय दिसतं ते आवाजात, म्हणजे ड्रम कसे घेतले, गळ्याभोवती किती पोकळी ठेवली, सगळं किती दाबून बसवलं यात. आणि हे वय कॅलेंडरप्रमाणे वाढत नाही. एखादा आवाज त्या काळात जितक्या जणांनी उचलला, तितका तो लवकर म्हातारा होतो. माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

१९८५ पासून सुरुवात करतो, कारण तिथे हे अगदी स्पष्ट ऐकू येतं. त्या वर्षांतलं जवळपास कुठलंही हिट इंग्रजी गाणं लावा आणि फक्त स्नेअर, म्हणजे ड्रममधला तो कडक खटका देणारा ढोल, ऐका. ठोका पडतो, एखाद्या मोठ्या हॉलमध्ये पडल्यासारखा फुगतो, आणि घुमत घुमत विरायच्या आत तटकन तुटतो. रिव्हर्ब म्हणजे घुमणं, आणि अशा कापलेल्या घुमण्याला गेटेड रिव्हर्ब म्हणतात. तो पहिल्यांदा नीट हाताला लागला लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत, पीटर गॅब्रिएल या ब्रिटिश गायकाच्या तिसऱ्या अल्बमच्या वेळी. ड्रमवर फिल कॉलिन्स होता आणि कन्सोलवर, म्हणजे आवाज जुळवायच्या टेबलावर, ह्यू पॅडगम. तिथल्या एसएसएल कन्सोलला एक सोय होती: आतल्या वादकांचं बोलणं बाहेर ऐकू यावं म्हणून खोलीत एक वेगळा माइक असे. वादक कुजबुजला काय नि ओरडला काय, बाहेर सारखंच ऐकू यावं म्हणून त्या माइकवर जबरदस्त कॉम्प्रेशन लावलेलं होतं. कॉलिन्स वाजवत असताना तो माइक चालू राहिला, आणि बाहेर जे ऐकू आलं ते ऐकून सगळे थक्क झाले. मग पॅडगमनं त्यावर गेट बसवला, म्हणजे आवाज एका पातळीखाली गेला की शेपूट कापली जाते. गॅब्रिएलनं झांजा वाजवायलाच मनाई केली होती, त्यामुळे त्या फुगलेल्या ठोक्याला मोकळं मैदान मिळालं. तो अल्बम १९८० चा. जानेवारी १९८१ मध्ये कॉलिन्सचं ‘इन द एअर टुनाइट’ आलं.

ते गाणं आज पुन्हा ऐका. साडेतीन मिनिटं उलटून जाईपर्यंत रोलँड सीआर-७८ या ठेका-यंत्राची बारीक टिकटिक, काही लांबलेले सूर आणि गळा, एवढंच आहे. आणि मग ड्रम कोसळतात. मला ती जागा आजही जुनी वाटत नाही. तिथे तो आवाज गाण्यानं मागितलाय. इतका वेळ कोंडून ठेवलेलं काहीतरी बाहेर पडतंय, म्हणून तो तेवढा मोठा आहे.

पुढे काय झालं? इंग्लंडात बर्नली नावाच्या गावात एएमएस नावाची कंपनी होती. तिनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आरएमएक्स १६ नावाचं डिजिटल रिव्हर्ब काढलं. त्यात ‘नॉनलिन’ नावाचा एक प्रोग्रॅम होता. तो निवडला की तोच कापलेला रिव्हर्ब तयार. खोली नको, तो माइक नको, कॉलिन्स नको. प्रेमगीत असो, जाहिरात असो, नाचाचं गाणं असो, स्नेअर सगळीकडे तोच. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स ७ हा सिंथेसायझर आला, तिथेही तीच तऱ्हा झाली. त्यात नवे आवाज घडवणं इतकं किचकट होतं की बहुतेकांनी कंपनीनं भरून दिलेलेच आवाज वापरले. म्हणून त्या काळातल्या संथ गाण्यांत तोच काचेरी इलेक्ट्रिक पियानो पुन्हा पुन्हा भेटतो. तुमचा कान पहिल्या ठोक्याला जे ओळखतो ते गाणं नव्हेच. तुम्ही ते बटण ओळखता.

नवं यंत्र वापरलं म्हणून रेकॉर्ड जुनी होते, असा अर्थ मात्र काढू नका. केट बुश या ब्रिटिश गायिकेचा ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ सप्टेंबर १९८५ चा, म्हणजे बरोबर त्याच काळातला. त्यात फेअरलाइट हा सॅम्पलर आहे, लिनड्रम हे ठेका-यंत्र आहे, मोठे ड्रम आहेत. तरीही ‘रनिंग अप दॅट हिल’ ३७ वर्षांनी, जून २०२२ मध्ये, एका मालिकेच्या निमित्तानं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८५ मध्ये ते तिसऱ्यावर थांबलं होतं. जुन्या आठवणींसाठी ते विकत घेणारी पिढी ही नव्हतीच, तेव्हा जन्मलेलीही नसलेली मुलं ते ऐकत होती. बुशनं स्वतःच्या घराजवळ स्टुडिओ बांधून घेतला होता आणि आवाज जुळवायला हवा तेवढा वेळ घेतला होता. त्या गाण्यातला ड्रमचा ठेका शेवटपर्यंत घोड्याच्या टापांसारखा एकसुरी धावतो, कुठेही फुलत नाही, म्हणून गळ्यातली घालमेल वाढत गेलेली कळते. यंत्र त्या काळाचं, पण वापर तिचा.

आता ‘अननोन प्लेझर्स’, म्हणजे जॉय डिव्हिजनची तुम्ही म्हणता ती १९७९ ची रेकॉर्ड. एप्रिल १९७९ मध्ये मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमध्ये, स्ट्रॉबेरी स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली. जूनमध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्सनं १०,००० प्रती काढल्या. निर्माता मार्टिन हॅनेट. हाच माणूस १९७७ च्या जानेवारीत ‘मार्टिन झीरो’ या नावानं बझकॉक्स या पंक बँडच्या पहिल्या रेकॉर्डवर होता. त्याच्याकडे त्या घटकेचं सगळ्यात नवं यंत्र होतं, एएमएसचं डिजिटल डिले, म्हणजे आवाज जरा उशिरानं परत देणारा डबा. होय, बर्नलीची तीच कंपनी. ज्या कारखान्यानं १९८५ च्या सगळ्या पॉपला एकच स्नेअर वाटून दिला, त्याच कारखान्याच्या आधीच्या डब्यातून पोस्ट-पंकची, म्हणजे पंकच्या पाठोपाठ आलेल्या प्रयोगशील रॉकची, सगळ्यात टिकाऊ रेकॉर्ड निघाली. मला हे अख्ख्या विषयाचं मर्म वाटतं.

हॅनेटनं काय केलं ते जवळून बघू. हेडफोन लावून ‘डिसऑर्डर’ सुरू करा. आधी एकटे ड्रम येतात. बास ड्रम, स्नेअर आणि हायहॅट (पायानं चालणारी झांजांची जोडी) एकाच खोलीत बसलेत असं वाटत नाही. प्रत्येकाला स्वतःची वेगळी हवा आहे. त्याचं कारण असं की हॅनेटनं स्टीफन मॉरिसला ड्रम सुटे सुटे वाजवायला लावले होते, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून. ड्रमरला हा छळ वाटतो, कारण त्याचे हातपाय एकत्र चालायची सवय असते. पण असे कोरडे, सुटे ठोके हातात आल्यावर हॅनेटनं प्रत्येकाला अगदी अल्प डिले दिला, इतका की तो प्रतिध्वनी म्हणून ऐकू येत नाही, फक्त ठोक्याला एक थंडगार कड येते. मग पीटर हूकचा बेस (खर्जाची गिटार) येतो, आणि तो वरच्या पट्टीत, जिथे गिटार असायला हवी तिथे. हूकनं त्याचं कारण सांगितलंय: तालमीत गिटारच्या गोंगाटात त्याला स्वतःचा बेस ऐकू यायचा नाही, म्हणून तो वर जाऊन वाजवू लागला, आणि ते गायक इयन कर्टिसला आवडलं. बेस वर गेला की खालची जागा रिकामी होते. बर्नार्ड सम्नरची गिटार हॅनेटनं बारीक आणि बाजूला ठेवली. मधोमध उरला कर्टिसचा आवाज, आजूबाजूला कुणीच नसलेला.

‘इनसाइट’ सुरू होताना जी घरघर आणि आदळआपट ऐकू येते ती स्टुडिओच्या लिफ्टची आहे. शेवटच्या ‘आय रिमेंबर नथिंग’मध्ये काच फुटते. त्या रेकॉर्डवर माणसं, यंत्रं, जिने, दारं असं एक ठिकाणच उभं राहतं. आपण रिव्हर्ब म्हणतो तेव्हा बहुतेकदा गोडी वाढवायला लावलेली सजावट असते. इथे तो ठिकाण सांगतो, आणि ते ठिकाण या एका रेकॉर्डखेरीज कुठेच नाही. म्हणून त्यावर कुठल्याही वर्षाचा शिक्का बसत नाही. एकच जागा मला तिच्या वयाची वाटते: ‘इनसाइट’च्या मधल्या भागातली इलेक्ट्रॉनिक ड्रमची ‘प्यूं-प्यूं’. तो आवाज त्या काळी डिस्कोच्या रेकॉर्डींवर सर्रास होता, आणि तेवढ्या भागात १९७९ साल उघडं पडतं. नियम त्याच रेकॉर्डवर सिद्ध होतो.

खुद्द बँडला हा आवाज आवडला नव्हता. हूक आणि सम्नर दोघांनीही पुढे सांगितलं की त्यांना स्टेजवरचा आपला दणका हवा होता, आणि हॅनेटनं तो थंड करून टाकला. मी त्यांना समजू शकतो. १९७९ च्या तरुण बँडला हवा असलेला दणका म्हणजे त्या वर्षीच्या प्रत्येक तरुण बँडचा दणका. तो मिळाला असता तर आज ती रेकॉर्ड चाहत्यांच्या कपाटात असती, तुमच्या फोनमध्ये नसती.

हे फक्त जॉय डिव्हिजनचं नाही. लीड्सच्या गँग ऑफ फोरचा ‘एंटरटेनमेंट!’ त्याच वर्षीचा, पण आवाज बरोबर उलटा: पोकळी नाहीच, सगळं सुकं खडखडीत. त्यांचा गिटारवादक अँडी गिल याला व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरची ऊब नको होती, ट्रान्झिस्टरचा कोरडेपणा हवा होता. त्याची गिटार ठोके देते, मग थांबते, आणि तो थांबणं पूर्ण लांबीचं ठेवतो. सोफिया कोपोलानं २००६ मध्ये ‘मारी आंत्वानेत’ या चित्रपटाच्या सुरुवातीला त्या अल्बममधलं ‘नॅचरल्स नॉट इन इट’ वापरलं, अठराव्या शतकातल्या फ्रेंच राणीच्या चित्रांवर, आणि ते खटकत नाही. त्या आवाजात कुठलंच शतक नाही, म्हणून ते जमलं. पब्लिक इमेज लिमिटेडचा ‘मेटल बॉक्स’, स्लिट्सचा ‘कट’, दोन्ही १९७९ चे. या दोन्हींत जमैकन डबचं, म्हणजे रेगेच्या गाण्यातली वाद्यं काढत-घालत ते नव्यानं मिसळायच्या पद्धतीचं, शिक्षण आहे. ‘कट’चा निर्माता डेनिस बोव्हेल तर ब्रिटिश रेगेतलाच माणूस. आवाज काढून टाकणं हेही वाजवणंच आहे, हे पोस्ट-पंकनं डबकडून घेतलं. रॉकला ते तोवर माहीतच नव्हतं.

इथे मुंबईचं एक उदाहरण द्यायलाच हवं, कारण माझं म्हणणं त्याच्याइतकं नेमकं कशानंच पटत नाही. १९८२ मध्ये चरणजित सिंग या हिंदी सिनेमासाठी वाजवणाऱ्या वादकानं ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. रोलँडचा टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही बेस, ठेका आणि सुरांची यंत्रं, आणि त्यावर भैरव, ललित, भूपाळी. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा काढली गेली तेव्हा युरोपातले लोक चक्रावले, कारण शिकागोतल्या अॅसिड हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कित्येक वर्षं आधी तोच आवाज मुंबईत झाला होता. ती आज ताजी आहे कारण १९८२ मध्ये तिची नक्कल करायला कुणीच पुढे आलं नाही. त्याच वर्षांतल्या हिंदी डिस्कोची गाणी आपण प्रेमानं ऐकतो, पण त्यांचं साल लपत नाही. सिंग यांचं साल ओळखणं कठीण आहे. २०१५ मध्ये ते गेले. निदान हे कौतुक त्यांना डोळ्यांनी बघायला मिळालं.

आता तुमच्या दुखऱ्या जागेकडे, २००४-०५ च्या इंडीकडे. इथे तीन कारणं एकात एक गुंतली आहेत.

पहिलं कारण मास्टरिंगचं, म्हणजे माझ्या धंद्याचं. १९९० च्या मध्यापासून सीडी अधिकाधिक लाउड करायची चढाओढ लागली. ओएसिसचा १९९५ चा ‘मॉर्निंग ग्लोरी’ त्याची ठळक सुरुवात मानतात. लिमिटर लावून शिखरं चिरडायची आणि मग सगळी पातळी वर उचलायची, अशी ती पद्धत. रेडिओवर किंवा शफलवर दुसऱ्याच्या गाण्यानंतर आपलं गाणं लागलं तर ते दबलेलं वाटू नये, एवढाच हेतू. २००५ पर्यंत हे सर्वमान्य झालं होतं. त्याची किंमत स्नेअर देतो. स्नेअरचा ठोका म्हणजे क्षणभराचं शिखर, तेच कापलं की ठोका लागत नाही, नुसता ऐकू येतो. त्या काळी लाउड सीडी आवाजानं बाजी मारायची. आता स्ट्रीमिंगवर तोही फायदा उरला नाही. स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारी आवाजाची पातळी मोजायचं एकक) या एका पातळीवर आणून ठेवतात, म्हणजे लाउड गाणं खाली ओढलं जातं. पातळी सारखी झाली की २००५ चं दाबलेलं मास्टर बसकं आणि चपटं वाटतं, आणि १९७९ चं मोकळं मास्टर त्याच्याशेजारी उसळी मारतं.

हे तुम्ही घरी पडताळून बघू शकता. सेटिंगमध्ये नॉर्मलायझेशन, म्हणजे पातळी सारखी करायची हीच सोय, चालू ठेवा. आर्क्टिक मंकीजच्या जानेवारी २००६ च्या पहिल्या अल्बममधलं कुठलंही वेगवान गाणं लावा आणि पाठोपाठ गँग ऑफ फोरचं ‘डॅमेज्ड गुड्स’. आवाजाच्या बटणाला हात लावू नका. तरुण बँड कुठला ते एखाद्या अनोळखी माणसाला विचारा. आर्क्टिक मंकीजची गाणी मला मनापासून आवडतात, शेफील्डच्या रात्री ज्या तपशिलानं त्यांत येतात त्याला तोड नाही, म्हणूनच त्यांच्या ड्रमला श्वास मिळाला नाही याची हळहळ वाटते. एक सावधगिरी बाळगा: जुन्या अल्बमची मूळ आवृत्ती निवडा. पुष्कळ नव्या रीमास्टर आवृत्त्यांनी हीच लाउडपणाची सवय जुन्या रेकॉर्डींवरही लादली आहे.

दुसरं कारण मला जास्त गंभीर वाटतं. २००२ ते २००६ या काळातल्या बँडनी पोस्ट-पंकमधून फारच थोडं उचललं. गँग ऑफ फोरची चिरकी गिटार, हायहॅटचा डिस्को ठेका आणि कर्टिसचा खर्ज, बस्स. डब राहून गेला. रिकामी जागा राहून गेली. लिफ्ट, काच, डबे असल्या गोष्टी वाद्य म्हणून वापरायची हिंमत राहून गेली. पोस्ट-पंकच्या पहिल्या पिढीत टॉकिंग हेड्स ‘रिमेन इन लाइट’साठी बहामात जाऊन फेला कुटीकडून शिकलेलं वाजवत होते. दुसऱ्या पिढीतले बहुतेक जण पहिल्या पिढीच्या पाच-सहा रेकॉर्डींकडून शिकत होते. सगळ्यांनी तेच तीन घटक घेतले, आणि मग १९८५ च्या स्नेअरचं जे झालं तेच हायहॅटच्या त्या ठेक्याचं झालं. आज तो ठेका कानावर पडला की २००५ हे साल आधी ऐकू येतं, गाणं नंतर.

हे कसं घडतं ते मला रोज दिसतं. तरुण बँड येतो, फोनवर एक गाणं लावतो आणि म्हणतो, स्नेअर असा हवा. त्या गाण्यातला स्नेअर त्या गाण्याची लय, मधली फट आणि त्या ड्रमरचा हात यांतून तयार झालेला असतो. तो उचलून दुसऱ्या लयीत बसवला की ती फट आधीच भरलेली असते, आणि उरते फक्त फॅशन. मी अशा वेळी सांगतो की आधी तुमचंच गाणं स्नेअरशिवाय ऐकू, मग तुम्हीच सांगा कुठे काय कमी आहे. बरेच जण ऐकतात. ज्यांना घाई असते त्यांना तोच स्नेअर हवा असतो, आणि मी तो देतो, काम त्यांचं आहे.

तिसरं कारण तुम्ही स्वतः. दहा ते पंचवीस-तीस या वयात ऐकलेलं संगीत माणसाच्या आठवणीत सगळ्यात घट्ट बसतं, हे मानसशास्त्रात पुष्कळदा तपासलं गेलंय. तुम्ही २००५ चं गाणं लावता तेव्हा त्याच्याबरोबर हॉस्टेल, परीक्षा, एखादं माणूस असं सगळं येतं. आणि ते दिवस संपलेत हे गाणं सांगत राहतं. जॉय डिव्हिजनच्या बाबतीत तुमच्याकडे असं काही नाही. १९७९ चं मँचेस्टर तुम्ही जगलेला नाहीत, म्हणून ते तुमच्यासाठी जुनं होऊच शकत नाही. शिवाय आपल्याकडे हे संगीत क्रमानं आलंच नाही. मुंबईत ऱ्हिदम हाउस या रेकॉर्डच्या दुकानात जे मिळेल ते, आणि नंतर एकमेकांच्या हार्ड डिस्कवरून. कित्येकांनी न्यूयॉर्कचा इंटरपोल हा बँड आधी ऐकला आणि जॉय डिव्हिजन त्यानंतर. मूळ नंतर भेटलं की ते मूळच नवं वाटतं. एका दृष्टीनं हे आपलं भाग्य आहे, कुठल्याच रेकॉर्डशी भूतकाळाचं नातं सक्तीचं नाही.

म्हणून त्या काळातलं सगळं फेकून देऊ नका. स्ट्रोक्सचा २००१ चा ‘इज धिस इट’ माझ्या मते टिकला आहे. निर्माता गॉर्डन राफाएलनं न्यूयॉर्कच्या छोट्या स्टुडिओत मोजके माइक लावून तो केला. ड्रम ठेका-यंत्रासारखे तंग आहेत, गळा मुद्दाम फाटका आहे आणि गिटारी एकमेकींच्या मधे येत नाहीत. ३६ मिनिटांत संपतो. इंटरपोलचा २००२ चा पहिला अल्बमही टिकला. त्यांना कर्टिसची नक्कल म्हणून पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं, आणि ते मला कधीच पटलं नाही. त्यांच्या गिटारी दाट, गोलाकार आणि घुमणाऱ्या आहेत, हॅनेटच्या अगदी विरुद्ध. साम्य गळ्यापुरतं आहे. फ्रांझ फर्डिनांडचं ‘टेक मी आउट’ पहिल्या मिनिटाच्या आत लय मुद्दाम संथ करतं. नाचाच्या गाण्यात वेग कमी करायची ती युक्ती आजही पायांना फसवते. ते गाणं टिकेल, त्या अल्बमचा निम्मा भाग टिकणार नाही. आणि जाता जाता कॉर्नरशॉपचं ‘ब्रिमफुल ऑफ आशा’, १९९७ चं. आपल्या आशाताईंवर ब्रिटिश इंडी बँडनं केलेलं गाणं. नॉर्मन कुकच्या रीमिक्सनं ते पहिल्या क्रमांकावर नेलं. आज ऐकाल तर रीमिक्सचे ड्रम पक्के नव्वदीतले वाटतात, आणि मूळ, संथ, जरा आळसावलेलं गाणं वयाच्या बाहेर उभं आहे.

राहिला बँडच्या वयाचा प्रश्न. थांबावं की नाही हे वयावर ठरवू नये. जुनी गाणी कशासाठी वाजवताय त्यावर ठरवावं. वायर या बँडची गोष्ट मला फार आवडते. ‘पिंक फ्लॅग’ हा त्यांचा १९७७ चा पहिला अल्बम, ३५ मिनिटांत २१ गाणी. दहा वर्षांनी, १९८७ च्या अमेरिका दौऱ्यात, लोकांना तीच गाणी हवी होती आणि वायरला ती वाजवायची नव्हती. त्यांनी एक्स-लायन टेमर्स नावाच्या बँडला बरोबर घेतलं. तो बँड आधी ‘पिंक फ्लॅग’ वाजवायचा, आणि मग वायर येऊन आपलं नवं वाजवायचे. यात प्रेक्षकांचा अपमान नव्हता. त्यांची हौस पुरवली आणि स्वतःचं कामही सोडलं नाही. २०२० मध्ये ‘माइंड हाइव्ह’ आला तेव्हाही वायर हा चालू बँड होता, स्मारक झाला नव्हता.

पीटर हूकची वाट वेगळी. २००७ मध्ये न्यू ऑर्डरमधून, म्हणजे कर्टिसनंतर उरलेल्यांनी काढलेल्या बँडमधून, बाहेर पडल्यावर तो आपल्या नव्या बँडबरोबर जॉय डिव्हिजनचे अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवत हिंडतो. काहींना हे खटकतं. मला नाही खटकत. कर्टिस १८ मे १९८० ला, वयाच्या २३ व्या वर्षी गेला, आणि ‘क्लोजर’ त्यानंतर जुलैमध्ये निघाला. त्यातली बरीच गाणी स्टेजवर फारशी वाजलीच नव्हती. ज्यानं तो बेस रचला त्यानं तो लोकांसमोर वाजवायला काय हरकत आहे? मार्क ई. स्मिथनं तर २०१७ मध्ये व्हीलचेअरवर बसून आपल्या द फॉल या बँडचे कार्यक्रम केले आणि पुढच्या जानेवारीत तो गेला. शेवटपर्यंत त्यानं जुनी गाणी मागणाऱ्यांना भीक घातली नाही.

पण वय हाच विषय करून दाखवलं ते क्युअर या ब्रिटिश बँडनं. ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ १ नोव्हेंबर २०२४ ला आला, आधीच्या अल्बमनंतर १६ वर्षांनी. त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ तेव्हा ६५ वर्षांचा. त्यात आठच गाणी आहेत. पहिल्या ‘अलोन’मध्ये तीन मिनिटांहून जास्त वेळ गळा येतच नाही. स्ट्रीमिंगच्या जगात, जिथे पहिल्या काही सेकंदांत ऐकणारा पुढे सरकतो, तिथे असं करायला धार्ष्ट्य लागतं. ड्रम जड आहेत, मागे रेंगाळतात, सिंथची चादर हळूहळू उघडत जाते, आणि मग तो आवाज येतो. १९८२ च्या ‘पोर्नोग्राफी’तला तोच आवाज, जवळजवळ न बदललेला. स्मिथचा गळा असा कसा राहिला कोण जाणे, पण अल्बमचा सगळा परिणाम त्यावर उभा आहे. विशीत जो आवाज ‘सगळं संपलं’ म्हणायचा, तोच आता खरोखर काय संपलं ते सांगतो. ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ हे त्याच्या वारलेल्या भावावर आहे. शेवटचं ‘एंडसाँग’ दहा मिनिटांच्या पुढे जातं आणि त्यात एक वयस्क माणूस बाहेर अंधारात उभा राहून चंद्राकडे बघतो. जुनी निराशा फॅशन होती असं ज्यांना वाटायचं, त्यांनी हा अल्बम लागोपाठ ऐकावा.

मास्टरिंगवाला म्हणून एक तक्रार नोंदवतो: तो अल्बम हवा होता त्यापेक्षा जास्त दाबलेला आहे. ‘अलोन’च्या सुरुवातीचे ड्रम आणखी उघडे असते तर ती तीन मिनिटं अजून भयंकर झाली असती. तरीही, तो वीस वर्षांनी म्हातारा वाटेल असं मला वाटत नाही. असा संथ, जड, लांबलचक रॉक आज दुसरं कुणी या पातळीवर करतच नाहीये.

नव्या मुलांपैकी लंडनचा ड्राय क्लीनिंग आवर्जून ऐका, २०२१ चा ‘न्यू लाँग लेग’. फ्लोरेन्स शॉ गात नाही, बोलते, आणि मागचा बँड तिला जागा देतो. डब्लिनचा फॉन्टेन्स डी.सी.ही ऐका, पण २०१९ च्या पहिल्या अल्बमपासून क्रमानं, कारण प्रत्येक अल्बमला त्यांनी आपलाच आधीचा आवाज टाकून दिलाय. या लाटेतल्या बाकी पुष्कळ बँडनी आता ओरडून बोलायची एकच पद्धत धरली आहे, आणि ती २०३५ मध्ये कानाला कशी लागेल याचा अंदाज तुम्हाला आता आला असेल.